खपली म्हणून हलकी? गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी

मंद्रसप्तक
पोलिश संगीतकार हेन्रिक गुरेत्स्कीची तिसरी सिंफनी १९७७ साली फ्रान्समधल्या रॉयां महोत्सवात पहिल्यांदा वाजली, तेव्हा नवसंगीतवाल्या (म्हणजे प्रयोगशील, बेसूर वाटणाऱ्या आधुनिक संगीताच्या बाजूच्या) समीक्षकांनी तिला पार झोडपलं. १९९२ मध्ये नॉनसच या रेकॉर्ड कंपनीने तिचा आल्बम काढला (सोप्रानो डॉन अपशॉ, लंडन सिन्फोनिएटा, संचालक डेव्हिड झिनमन) आणि दहा लाखांवर प्रती गेल्या. ब्रिटनच्या पॉप आल्बमांच्या यादीतही सहावा क्रमांक! लगेच नवी कुरबुर: एवढी खपते म्हणजे उथळच. दोन्ही खेपेला नीट ऐकलं कुणी, हा माझा प्रश्न.

तिरकीट
असहमत. ऐकूनच बोलतोय. पहिला भाग २६ मिनिटं चालतो आणि एकच चाल दळत बसतो. १९६० च्या ‘वॉर्सा ऑटम’ या नवसंगीताच्या महोत्सवात ‘स्कोंत्री’ या प्रयोगशील रचनेने खळबळ उडवणारा हाच माणूस, पटतं का? खपाचं म्हणाल तर, आल्बम आला त्याच वर्षी ब्रिटनमध्ये क्लासिक एफएम हे रेडिओ केंद्र सुरू झालं. त्यांनी दुसरा भाग सारखा लावला. झालं.

मंद्रसप्तक
दळत नाही हो, रचत नेतो. डबल बेस इतक्या खालून सुरू होतात की सुरुवातीला नुसती घरघर वाटते. मग तीच चाल पंचमाने वर, पुन्हा पंचमाने वर, अशी व्हायोलिनपर्यंत चढते. सगळा पसारा एका सुरावर येऊन थांबतो आणि अपशॉ पंधराव्या शतकातला, येशूच्या आईचा, मेरीचा विलाप उचलते. पुढे तोच पसारा उलटा उतरतो. विलंबितात रमणाऱ्यांनी तरी ‘काही घडत नाही’ म्हणू नये.

काठावरचा
रचना मान्य. पण लोकांनी विकत घेतली ती कोठडीची भिंत. दुसऱ्या भागाचे शब्द पोलंडमधल्या झाकोपाने गावी गेस्टापोच्या (नाझी गुप्त पोलिसांच्या) कोठडीत १८ वर्षांच्या मुलीने कोरलेले: आई, रडू नकोस. एवढं कळल्यावर संगीताला नावं ठेवायची कुणाची छाती होणार?

मंद्रसप्तक
त्या भिंतींवर इतरांनी ‘मी निर्दोष’, ‘खुनी’ असं लिहिलं होतं. गुरेत्स्कीला भिडलं ते हिचं सूड न मागणं, उलट आईलाच समजावणं. म्हणून तिथलं संगीतही आक्रोश करत नाही. भांडवलच करायचं असतं तर ढोल-नगारे होते की हाताशी.

तिरकीट
बरं, मग एवढंच सांगा. त्याच कंपनीने क्रोनोस क्वार्टेट या चार वादकांच्या संचाकडून गुरेत्स्कीच्या तंतुवाद्य-चौकड्याही (चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना) काढल्या. त्या खरखरीत आहेत, चांगल्याच आहेत. तिसऱ्या सिंफनीवर डोळे पुसणारे तिकडे का नाही फिरकले?