सोसायटी ग्रुप: सी-२०४ वहिनींच्या नाकारलेल्या क्लेमबद्दल

सी-२०४ वहिनी: नमस्कार. हे गेले, त्यांच्या विम्याचं पत्र काल आलं. क्लेम नामंजूर. आधीची २५ लाखांची टर्म पॉलिसी आठ वर्षं चालू होती, एकही हप्ता चुकला नव्हता. दीड वर्षापूर्वी एजंट म्हणाला, थोडे जास्त भरा, दुसऱ्या कंपनीत ५० लाखांचं कव्हर मिळेल. म्हणून नवी घेतली आणि जुनीचा हप्ता भरणं बंद केलं. आता कंपनी म्हणते, साखरेच्या गोळ्या चालू होत्या हे लपवलं. दोनदा वाचलं, डोक्यात शिरत नाही. कुणाला यातलं कळत असेल तर सांगा. जूनमध्ये लेकीची फी भरायची आहे.

बी-३०१: वहिनी, फार वाईट वाटलं. त्या एजंटला आधी गाठायला हवं.

ए-१०१ काका: एजंटचं नंतर बघू. ताई, मी विम्याच्या नोकरीत ३१ वर्षं काढली आहेत, म्हणून स्पष्ट विचारतो. पत्रात 'फसवणूक' असं लिहिलंय की 'महत्त्वाची माहिती दिली नाही' असं?

सी-२०४ वहिनी: दुसरं. आणि भरलेले हप्ते परत देऊ असं आहे. सोबत एक फॉर्म आहे, सही करून पाठवायला सांगितलंय.

ए-१०१ काका: त्या फॉर्मवर सही करू नका. 'पूर्ण व अंतिम' असा शब्द त्यात असणार. पैसे परस्पर खात्यात आले तरी मेल करा, की ही रक्कम मान्य नाही, हक्क राखून ठेवते.
आता मूळ गोष्ट. विमा कायद्याचं कलम ४५. पॉलिसीला तीन वर्षं झाली की कंपनीला कुठल्याही कारणाने ती उकरून काढता येत नाही. जुनी पॉलिसी या भिंतीच्या आत होती. नवी घेतल्यावर तीन वर्षं पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जातात. म्हणूनच त्यांनी सगळ्या दवाखान्यांची कागदपत्रं खणून काढली.

डी-५०३: काका, पण मेडिक्लेम पोर्ट करता येतो ना? आधीची वर्षं धरतात.

ए-१०१ काका: मेडिक्लेमला धरतात. आयुर्विम्यात पोर्ट हा प्रकारच नाही. लॅप्स पॉलिसी पुन्हा चालू केली तरी तीन वर्षं त्या तारखेपासून.
ताई, प्रपोजल फॉर्म कुणी भरला होता?

सी-२०४ वहिनी: एजंटने, त्याच्या टॅबवर, आमच्याच डायनिंग टेबलावर. यांच्या मोबाईलवर ओटीपी आला तो सांगितला, तेवढंच. गोळ्यांची पट्टी तिथेच मिठाच्या बरणीशेजारी होती. नंतर घरी येऊन रक्त घेऊन गेले.

ए-१०१ काका: रक्त घेतलं? मग थांबा. पॉलिसीची पूर्ण फाईल आणि यांचा मेल उघडा. तपासणीनंतर हप्ता वाढवल्याचं काही पत्र आहे का बघा.

(पाऊण तासाने)

सी-२०४ वहिनी: मेलमध्ये सापडलं. 'वैद्यकीय तपासणीनुसार वाढीव हप्ता, संमती द्या' असं आहे. रिपोर्टपण जोडलाय. साखरेच्या तपासणीत एचबीएवनसी ७.४.

ए-१०१ काका: ताई, हाच तुमचा कागद. साखर आहे हे कंपनीला पॉलिसी देण्याआधी माहीत होतं, आणि त्याचे जादा पैसे तिने घेतले. जी गोष्ट कंपनीच्या माहितीत होती ती लपवली असं म्हणणं टिकवणं जड जाईल. ते म्हणतील, साखर कळली पण उपचार चालू होते हे सांगितलं नाही. तयारी त्या मुद्द्याची ठेवायची. मेलची प्रिंट काढाच, मोबाईलवर ठेवू नका.

ए-६०२ ताई: वहिनी, बाबांच्या वेळी मी यातून गेले आहे. आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लेखी द्यायचं. महिनाभरात उत्तर नाही किंवा पटलं नाही, की विमा लोकपाल. आपलं पुण्याचं ऑफिस नारायण पेठेत, केळकर रस्त्यावर. फी नाही. नकार आल्यापासून वर्षाच्या आत जायचं. वकील चालत नाही, मीच बोलले. हात थरथरत होते, पण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

बी-३०१: रक्कम कितीपर्यंत चालते?

ए-१०१ काका: ५० लाखांपर्यंत. म्हणजे ताईंचं बसतं. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो. ताईंना पटला नाही तर ग्राहक आयोग मोकळा आहे. मात्र दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही.

बी-३०१: पण भाऊजी गेले हार्ट अटॅकने. साखरेचा काय संबंध?

ए-१०१ काका: मणक्याचं दुखणं सांगितलं नाही आणि मृत्यू हृदयविकाराने झाला, अशा एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वारसाच्या बाजूने निकाल दिला होता. पण नंतर उलटेही निकाल आहेत, आणि साखर नि हृदय लांबची नाहीत. त्यावर विसंबू नका. आपला जोर वाढीव हप्त्याच्या पत्रावर.

डी-५०३: काका, खरं सांगतो, माझी सहा वर्षांची टर्म बंद करायचा मेल मी ड्राफ्टमध्ये ठेवलाय. नवी गेल्या आठवड्यात आली.

ए-१०१ काका: तो ड्राफ्ट आत्ता डिलीट कर. दोन्ही चालू ठेव. पैसे कमी पडत असतील तर नव्याची रक्कम कमी घे, जुनीला हात लावू नकोस. आणि नव्या पुस्तिकेतला प्रपोजल फॉर्म आज रात्री स्वतः वाच. चुकीचं 'नाही' दिसलं तर फ्री लूकचे, म्हणजे पॉलिसी परत करायच्या मुदतीचे, ३० दिवस आहेत, लेखी कळव.

डी-५०३: केला डिलीट. फॉर्म उघडलाय. सिगारेटला 'नाही' लिहिलंय.

ए-१०१ काका: उद्या सकाळी मेल कर. मला दाखवून कर.

सी-२०४ वहिनी: काका, तक्रारीचं पत्र लिहायला मदत कराल का? मला 'महोदय'च्या पुढे सुचत नाही.

ए-१०१ काका: उद्या दहाला या. पॉलिसीची पुस्तिका, नकाराचं पत्र, तो मेल, मृत्यूचा दाखला, दवाखान्याचे कागद, सगळ्याच्या दोन दोन झेरॉक्स. काकूंनी नाश्त्यालाच यायला सांगितलंय, लेकीलाही आणा.

ए-६०२ ताई: मी स्पीड पोस्टाला सोबत येते वहिनी. पावती जपून ठेवायची, मला तीच लागली होती.