मदत हवी आहे: ड्रोन जागेवर थांबत नाही, हवेत घेरे घेतो (कृपया लवकर)

सडेवाट:
नमस्कार. घरी जोडलेला क्वाड (चार पंख्यांचा ड्रोन) आहे. वर चांगला जातो, पण स्टिक सोडली की एका जागी उभा राहत नाही. आधी लहान घेरा घेतो, मग घेरा वाढत जातो आणि शेवटी माडांच्या दिशेने सुटतो. दर वेळी मोड बदलून हाताने उतरवावा लागतो. सॅटेलाइट भरपूर मिळतात, १५ च्या वर. ॲक्सेलरोमीटर, कंपास, रेडिओ, ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे भाग), सगळी कॅलिब्रेशन (जुळवणी) पुन्हा केली. प्रॉप (पंखे) नवे घातले, एक मोटरही बदलली. काहीच फरक नाही. आमच्या काजूच्या भाटाचे वरून फोटो काढून नकाशा करायचा आहे, हद्दीचे काम त्यावाचून अडले आहे, आणि एकदा मिरग लागला की चार महिने ड्रोन पेटीत. नेमके काय बदलायचे तेवढे सांगा. व्हिडिओंच्या लिंक नकोत, सगळे बघून झाले.

सोल्डरबाब:
घेरे म्हणजे कसे? जागच्या जागी स्वतःभोवती फिरतो, की तोंड एकाच दिशेला ठेवून हवेत वर्तुळ काढतो? दोन्ही दुखणी वेगळी आहेत. बोर्ड कोणता, फर्मवेअर कोणते, कुठल्या मोडमध्ये होते? यातले काहीच लिहिलेले नाही.

बेळगावी क्वाड:
भावा, हे पीआयडीचं (तोल सांभाळायच्या आकड्यांचं) काम आहे. माझा पाच इंची असाच हेलकावे खात होता. पी थोडा कमी कर, डी वाढव, बीटाफ्लाइटमध्ये (माझ्या ड्रोनचं फर्मवेअर) फिल्टरचे स्लायडर मधोमध ठेव. दहा मिनिटांत सरळ होईल. मोटर बदलून पैसे घालवू नको.

सडेवाट:
पीआयडीला हात लावलेला नाही. पिक्सहॉक बोर्ड आहे, त्यावर आर्डूपायलट फर्मवेअर, त्यामुळे बीटाफ्लाइटचा प्रश्नच येत नाही. लॉयटरमध्ये (एका जागी उभे राहण्याचा मोड) होते. तोंड एकाच दिशेला राहते, वर्तुळ काढतो.

सोल्डरबाब:
आता जरा अर्थ लागतो. स्टॅबिलाईझ (फक्त तोल धरतो) आणि अल्टहोल्डमध्ये (उंचीही धरतो) कसा उडतो? फ्रेम केवढी? कंपास जीपीएसच्या डबीतला वापरता की बोर्डावरचा?

हरमल किनारा:
जीपीएसच्या वायरीचा कनेक्टर काढून बघा. आमच्याकडे खाऱ्या हवेने पिना एका पावसाळ्यात हिरव्या पडतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश घेऊन साफ करा. माझा ड्रोन त्यानेच बरा झाला.

सडेवाट:
मी डिचोली तालुक्यात राहतो, समुद्र लांब आहे. पिना स्वच्छ आहेत. ४५० मिमीची फ्रेम, २२१२ मोटर, थ्री सेल बॅटरी. स्टॅबिलाईझमध्ये ठीक, अल्टहोल्डमध्येही ठीक, वाऱ्याने सरकतो तेवढेच. लॉयटर आणि आरटीएलमध्येच (आपोआप परत येण्याचा मोड) बिघडतो. कंपास कुठला वापरतो ते कसे बघायचे?

रेडिओघर:
अल्टहोल्डमध्ये ठीक आणि लॉयटरमध्ये घेरे, म्हणजे पीआयडी जवळजवळ सुटला. पीआयडी वाईट असता तर तो स्टॅबिलाईझमध्येही थरथरला असता. संशय कंपासवर घ्या. कारण सांगतो, म्हणजे अंदाजाने सुटे भाग बदलत बसावे लागणार नाही.

लॉयटरमध्ये बोर्ड जीपीएसवरून ओळखतो की आपण उत्तरेला दोन मीटर सरकलो, आता दक्षिणेला यायचे. पण दक्षिण आपल्या नाकाच्या कुठल्या बाजूला आहे हे त्याला कंपासच सांगतो. कंपास तीस-चाळीस अंशांनी चुकला तर ड्रोन दक्षिणेऐवजी आग्नेयेकडे झुकतो. मग नवी चूक, नवी दुरुस्ती, तीही तिरकी. या तिरक्या दुरुस्त्यांचेच वर्तुळ बनते. चूक थोडी असेल तर वळसे घेत का होईना जागेवर येतो. जास्त असेल तर घेर वाढत जातो. स्टॅबिलाईझ आणि अल्टहोल्डला जागा धरायची नसते, म्हणून तिथे काही दिसत नाही.

दोन गोष्टी सांगा. कंपास कॅलिब्रेशन कुठे उभे राहून केले? आणि ड्रोनचा वरून व बाजूने फोटो टाका.

चिरेखण:
डिचोली म्हणालात तिथेच उत्तर आहे. तुमच्या पायाखाली लोखंड आहे! शिरगाव, डिचोली, साखळी हा सगळा खाणपट्टा. तिथे कंपास चालणार कसा? मयेच्या सड्यावर (खडकाळ पठारावर) मोबाइलचा कंपास जमिनीजवळ नेला की काटा हलताना मी स्वतः बघितला आहे. पेडण्याकडे येऊन उडवून बघा, आपोआप नीट होईल.

मांडवीकाठ:
चिरेखण, असे सरसकट म्हणता येणार नाही. गोव्याचे खनिज मुख्यतः हेमाटाइट आहे, ते चुंबकाला फारसे चिकटत नाही. मॅग्नेटाइट असते तर गोष्ट वेगळी. सगळा खाणपट्टा कंपास बिघडवत असता तर डिचोलीत कुणाचाच ड्रोन उडाला नसता.

चिरेखण:
पुस्तकात वाचलेले सांगू नका. जांभ्याचे खडे घ्या, त्यात चुंबक फिरवा, काळसर दाणे चिकटतात की नाही बघा.

मांडवीकाठ:
चिकटतात. जांभ्यात मॅग्हेमाइट असते, ते चुंबकीय असते, हे मलाही मान्य आहे. पण दगडाचा परिणाम दगडाजवळ. दहा मीटर वर गेल्यावर तो खडा तुमच्या कंपासला काय करणार?

माजी ट्रकवाला:
खाणीचा विषय निघाला म्हणून लिहितो. २०१२ ला खाणी बंद झाल्या, पुन्हा थोड्या चालू झाल्या आणि २०१८ ला सुप्रीम कोर्टाने लीज रद्द केल्या. आमच्या गावात दारोदारी उभे असलेले ट्रक गंजून गेले. कर्जाचे हप्ते कसे भरले ते आमचे आम्हाला ठाऊक. ड्रोन घेऊन कोणी त्या खाणींचे आज काय झाले आहे त्याचे फोटो काढले तर मला बघायला आवडेल.

सोल्डरबाब:
ट्रकवाले बाब, यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. इथे त्यांचे काम अडले आहे. सडेवाट, फोटो?

सडेवाट:
कॅलिब्रेशन घरी स्लॅबवर केले, मग आंगणात पुन्हा केले. मिशन प्लॅनरमध्ये (संगणकावरचा सेटिंगचा प्रोग्राम) हिरवी पट्टी पूर्ण आली, म्हणजे कंपास बरोबरच असणार ना? फोटो टाकले आहेत.

हवाईनकाशा:
उडवण्याआधी डिजिटल स्कायचा (ड्रोनचे सरकारी संकेतस्थळ) नकाशा बघता का? ड्रोन नियम २०२१ प्रमाणे २५० ग्रॅम ते २ किलो म्हणजे मायक्रो. हौशी मायक्रोला पायलट प्रमाणपत्र लागत नाही, पण नोंदणी लागते आणि ग्रीन झोनमध्येही (जिथे परवानगीशिवाय उडवता येते) मर्यादा ४०० फूट. गोव्यात आता दाबोळीबरोबर मोपाचा विमानतळही आहे, त्यामुळे जुना नकाशा बघून चालत नाही. लोक हे गांभीर्याने घेत नाहीत आणि मग सगळ्यांवर बंदी येते.

सडेवाट:
ग्रीन झोन आहे, नोंदणी आहे. कृपया मूळ प्रश्नाचे बोला.

फोटोग्राफर गोवा:
मला लग्नाच्या शूटिंगसाठी ड्रोन घ्यायचा आहे. दुबईहून येणाऱ्या भावाकडून मागवला तर चालेल का? कुठले मॉडेल चांगले?

हवाईनकाशा:
फेब्रुवारी २०२२ पासून तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी आहे. सुट्या भागांवर नाही. भावाला सांगू नका, कस्टममध्ये अडकेल. आणि लग्नाचे शूटिंग म्हणजे व्यवसाय, तुमचा ड्रोन मायक्रो असला तरी पायलट प्रमाणपत्र लागेल.

सोल्डरबाब:
सडेवाट, दुसऱ्या फोटोत वरच्या प्लेटवर बॅटरी पट्ट्याने बांधलेली दिसते. ४५० वर ती बहुतेक खाली किंवा दोन प्लेटच्या मध्ये असते. वर कधी आली? आणि एक्सटी ६० ची (बॅटरीच्या कनेक्टरची) लाल वायर जीपीएसच्या डबीखालून वळसा घेऊन मागे गेली आहे, काळी मात्र दुसऱ्या बाजूने. डबी प्लेटला थेट चिकटवलेली आहे, खांब दिसत नाही.

सडेवाट:
खाली कॅमेरा बसवला म्हणून बॅटरी वर घेतली. जीपीएसचा खांब बॅटरीच्या आड येत होता. त्याने काय होणार? सॅटेलाइट तर उत्तम मिळतात.

रेडिओघर:
सॅटेलाइट आणि कंपास एका डबीत असले तरी दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. जीपीएसला वायरीचे सोयरसुतक नसते, कंपासला असते. आकडा काढून बघू. तुमच्या वजनाचा ४५० हवेत उभा असताना अंदाजे १६ अँपिअर ओढतो. एका सरळ वायरीतून १६ अँपिअर, कंपास ३ सेंटिमीटरवर: चुंबकीय क्षेत्र येते सुमारे १०७ मायक्रोटेस्ला. गोव्यात पृथ्वीचे क्षेत्र आहे ४० च्या आसपास. परतीची काळी वायर थोडेसे रद्द करील, पण ती दूर फिरवल्यामुळे थोडेसेच. म्हणजे कंपासच्या कानाशी कोणीतरी उत्तरेपेक्षा मोठ्याने ओरडत आहे.

आता हिरव्या पट्टीचे. कॅलिब्रेशन करताना तुम्ही ड्रोन हातात फिरवता, मोटर बंद असतात, वायरीतून करंट जवळजवळ नसतो. म्हणून कंपास पास होतो आणि थ्रॉटल (मोटरना जोर) दिला की नापास होतो. पुन्हा कितीही वेळा कॅलिब्रेट केले तरी हे पकडले जाणार नाही. हवेतला लॉग (बोर्डाने ठेवलेली उड्डाणाची नोंद) लागेल. बोर्डाच्या एसडी कार्डात .बिन फाइल असते, ती द्या.

चिरेखण:
स्लॅबवर कॅलिब्रेशन केले ते तरी चुकीचेच ना? स्लॅबमध्ये लोखंडी सळया.

रेडिओघर:
हो, त्यात तुमचे बरोबर आहे. स्लॅब, गाडी, लोखंडी गेट, खिशातला मोबाइल, सगळ्यांपासून लांब करायला हवे.

बेळगावी क्वाड:
मी अजूनही म्हणतो व्हायब्रेशन बघा. मोटर बदलली आहे, नवी मोटर बॅलन्स नसेल.

सडेवाट:
लॉगची लिंक दिली. मोठी फाइल आहे.

रेडिओघर:
बघितला. व्हायब्रेशन तिन्ही अक्षांवर १५ च्या आत आहे, ३० पर्यंत चालते, क्लिपिंग (सेन्सरची मर्यादा ओलांडणे) शून्य. बेळगावी, मोटर निर्दोष.

कंपासचे एक्स, वाय, झेड घेऊन एकूण क्षेत्र काढले. जमिनीवर मोटर बंद असताना ४०५ मिलिगॉस (म्हणजे ४०.५ मायक्रोटेस्ला), गोव्यासाठी अगदी योग्य. थ्रॉटल वर जाताच ६२० च्या आसपास, खाली आणताच परत ४०५. थ्रॉटलची आणि क्षेत्राची रेघ एकमेकींवर ठेवली तर चढउतार जुळतात. चिरेखण आणि मांडवीकाठ, तुमचा वादही इथेच मिटतो: दगडाचा दोष असता तर जमिनीवर आकडा बिघडलेला दिसला असता आणि वर गेल्यावर सुधारला असता. इथे बरोबर उलटे आहे.

आर्डूपायलटच्या मोजमापात अशी गडबड ३० टक्क्यांपर्यंत खपते, ६० च्या वर गेली की उडवूच नये. तुम्ही ५० च्या पुढे आहात.

पेडण्याचा मेकॅनिक:
कंपासमॉट करा. मिशन प्लॅनरमध्ये सोय आहे. थ्रॉटल हळूहळू वाढवायचा, बोर्ड किती गडबड होते ते शिकतो आणि वजा करतो. वायरी उपटायची गरज नाही. फक्त प्रॉप उलटे करून शेजारच्या मोटरवर सरकवा, म्हणजे ड्रोन वर न जाता जमिनीवर दाबला जाईल, आणि तरीही बांधून ठेवा.

सोल्डरबाब:
हे मलमपट्टीसारखे झाले. बॅटरी जरा सरकली, वायर हलली की शिकलेले सगळे फुकट. आधी वायर दुरुस्त करा, मग हवे तर कंपासमॉट. जीपीएस खांबावर घ्या, पॉवरच्या वायरींपासून निदान १० सेंटिमीटर वर. खांबाचे स्क्रू लोखंडी नकोत, नायलॉनचे किंवा पितळेचे. लाल-काळी वायर एकत्र पिळून शक्य तितकी आखूड करा, दोघींची क्षेत्रे एकमेकांना खातात.

पेडण्याचा मेकॅनिक:
माझे दोन ड्रोन कंपासमॉटवर व्यवस्थित उडतात.

सोल्डरबाब:
उडत असतील. सडेवाटांचा नकाशा ग्रिडमध्ये (समांतर रेघांत उडवून) होणार आहे, ड्रोन जागेवरून हलला तर फोटो एकमेकांवर बसणार नाहीत. तिथे चालढकल नको.

रेडिओघर:
आणखी एक. लॉगमध्ये बोर्डावरचा आतला कंपासही वापरात आहे. तो पॉवरच्या वायरींच्या आणखी जवळ. मिशन प्लॅनरच्या कंपास पानावर त्याची 'वापरा' खूण काढून टाका, फक्त बाहेरचा ठेवा. मग मोकळ्या जागेत एकदा कॅलिब्रेशन. डबीवरचा बाण पुढे आहे ना तेही बघा.

सडेवाट:
केले. माशेलच्या दुकानातून कार्बनची नळी मिळाली, तिच्यावर डबी चढवली, मोजून १४ सेंटिमीटर वर. वायरी पिळल्या, आतला कंपास बंद. शेतात जाऊन कॅलिब्रेट केले. लॉयटरमध्ये स्टिक सोडली आणि ड्रोन उभा राहिला, वाऱ्यात जरा झुकला पण जागा सोडली नाही. आरटीएल दिल्यावर सरळ परत आला, वळसा नाही. नवा लॉग टाकतो. एक अडचण उरली: सड्यावर ठेवून आर्म करताना (मोटर सुरू करताना) कधी कधी 'चेक मॅग फील्ड' (कंपासचे क्षेत्र तपासा) असा संदेश येतो आणि आर्म होत नाही. शेतात येत नाही.

चिरेखण:
हे दगडाचेच. मी सांगत होतो.

मांडवीकाठ:
हे मात्र दगडाचे असू शकते, मान्य. तिथे ड्रोन जमिनीला टेकलेला असतो.

रेडिओघर:
नवा लॉग बघितला. बंद असताना ४०६, उडताना ४२५ च्या आसपास. झकास. सड्यावर मोकळ्या दगडावरून आर्म करू नका. मासळीचा किंवा आंब्याचा प्लास्टिकचा क्रेट उलटा घाला, त्यावर प्लायचा तुकडा टाका आणि तिथून उडवा. जमिनीपासून तेवढी उंचीही पुरते. संदेश आला तर आर्मिंग चेक बंद करू नका, जागा दोन पावले बदला.

सोल्डरबाब:
आणि कॅमेऱ्याची वायर खांबावरून नेऊ नका, तिलाही करंट असतो. पाऊस टेकला आहे, आधी भाटाची एक छोटी पट्टी ग्रिडमध्ये उडवून फोटो जुळतात का बघा, मग पूर्ण घ्या. फोटो जुळवण्याचे अडले तर नवा धागा काढा, पण तिथे पहिल्याच पोस्टमध्ये कॅमेरा, उंची आणि ओव्हरलॅप (फोटो एकमेकांवर किती येतात) किती ठेवला ते लिहा.