येमेन : दुकानांत धान्य असताना उपासमार का झाली?

पांथस्थ :
पाऊस दगा देतो, पीक बुडते आणि दुष्काळ पडतो, हे आपल्या परिचयाचे आहे. परंतु २०१८ मध्ये येमेनच्या शहरांतील दुकानांत गहू-तांदूळ विक्रीला असूनही लाखो कुटुंबे अर्धपोटी होती. याचा दोष सौदी आघाडीच्या नाकेबंदीला द्यावा, की राजधानी सना ताब्यात घेतलेल्या हुथी बंडखोरांच्या कारभाराला?

गलबतवाला :
येमेनमध्ये सुमारे ९० टक्के धान्य बाहेरून येते आणि त्यातील बराचसा भाग तांबड्या समुद्रावरील होदैदा बंदरात उतरतो. मार्च २०१५ मध्ये सौदी अरेबियाच्या नेतृत्वाखालील आघाडी हुथींविरुद्ध युद्धात उतरली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये हवाई हल्ल्यांत होदैदाच्या क्रेन निकामी झाल्या, तपासणीसाठी जहाजे समुद्रातच खोळंबू लागली, आणि या खोळंब्याचा व वाढलेल्या विम्याचा भुर्दंड अखेर गव्हाच्या भावात चढला. नोव्हेंबर २०१७ मध्ये हुथींनी रियाधवर क्षेपणास्त्र डागल्यावर तर काही काळ सगळीच बंदरे बंद होती. या आघाडीच्या विमानांना अमेरिका नोव्हेंबर २०१८ पर्यंत हवेत इंधन भरून देत होती. येमेनमधील उपासमारीबद्दल वॉशिंग्टनने काढलेल्या चिंतेच्या निवेदनांसोबत तेही वाचावे.

हिशेबनीस :
भाववाढ हे अर्धे कारण झाले. खरेदी करणाऱ्याच्या हाती पैसाच उरला नाही, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. सप्टेंबर २०१६ मध्ये सौदी आघाडीचा पाठिंबा असलेले अध्यक्ष हादी यांनी मध्यवर्ती बँक हुथींच्या ताब्यातील सनाहून आपल्या सरकारच्या एडन शहरात हलवली आणि त्यानंतर सुमारे १२ लाख सरकारी नोकरांपैकी बहुतेकांचे पगार थकले. युद्धापूर्वी डॉलरला सुमारे २१५ रियाल मोजावे लागत, पुढे रियालची किंमत कोसळत गेली. शिक्षकाचा पगार बंद झाला की वाण्याची उधारीही बंद होते, हे वेगळे सांगायला नको.

पांथस्थ :
म्हणजे हुथी निर्दोष ठरतात का?

गलबतवाला :
मुळीच नाही. त्यांच्या ताब्यातील सनामध्ये मदतीचे धान्य गरजूंपर्यंत न पोहोचता इतरत्र वळवले जात होते, म्हणूनच जागतिक अन्न कार्यक्रमाने जून २०१९ मध्ये तेथील वाटप अंशतः थांबवले. त्यांनी पेरलेल्या सुरुंगांमुळे शेतेही पडीक राहिली. मात्र साऱ्या देशाची आयात अडवण्याची ताकद ज्यांच्या आरमारात आणि विमानदळात होती, त्यांच्या पदरी अधिक दोष जातो, असे माझे मत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने २०२१ अखेरपर्यंतच्या मृत्यूंचा अंदाज ३ लाख ७७ हजार असा दिला, आणि त्यांतील सुमारे ६० टक्के मृत्यू भूक, रोगराई व उपचारांअभावी झालेले होते.