मुलीसाठी लेन्स: डेली घ्याव्यात की मंथली? मदत हवी आहे

माझी लेक १९ वर्षांची, हॉस्टेलला राहते. नंबर -५.५, उजव्या डोळ्याला सिलिंडर (बुबुळाच्या असमान गोलाईचा नंबर) -१.७५. वर्षभर मंथली टोरिक लेन्स (महिनाभर वापरायच्या, सिलिंडरच्या नंबराच्या) वापरत होती. गेल्या महिन्यात उजवा डोळा लालभडक झाला, उजेड सहन होईना. डॉक्टरांनी डोळ्याला केशरी रंगद्रव्याची कागदी पट्टी लावून निळ्या उजेडात पाहिलं, बुबुळावर ओरखडा निघाला. आता बरं आहे, लेन्सला परवानगीही मिळाली आहे.

घरी तिची लेन्सची डबी उघडून आत बोट फिरवलं, तर तळ बुळबुळीत! डबी नळाखाली विसळायची आणि उरलेल्या सोल्यूशनमध्येच वरून थोडं ओतायचं, असं चाललं होतं. दुकानात कुणी नीट सांगितलंच नव्हतं. फार जीव घाबरला हो.

डेली घेऊ का? सिलिंडरमध्ये मिळतात का? कुणी हार्ड लेन्सही सुचवतंय.

*

ताई, मी १५ वर्षं लेन्स वापरते. हॉस्टेलसाठी डेलीच घ्या. एकदा घातलेली लेन्स रात्री काढून फेकून द्यायची. डबी नाही, सोल्यूशन नाही. -१.७५ सिलिंडर डेलीत सहसा मिळतो. महाग पडतात, म्हणून रोज न घालता अधूनमधून चष्मा वापरू दे.

मंथलीच घेतल्या, तर महिना पाकीट फोडल्या दिवसापासून मोजायचा, किती वेळा घातल्या त्यावरून नाही. काढल्यावर तळहातावर सोल्यूशन घेऊन बोटाने हलकेच चोळायची. डबीत रोज नवं सोल्यूशन. सकाळी डबी सोल्यूशननेच धुऊन उघडी, पालथी वाळवायची आणि ३ महिन्यांनी फेकायची. नुसत्या सलाइनने (मिठाच्या पाण्याने) जंतू मरत नाहीत.

पाण्याचं मात्र खरंच मनावर घ्या. नळाच्या, टाकीच्या पाण्यात अकॅन्थअमीबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. त्याचा संसर्ग क्वचित होतो, पण झाला तर महिनोन्‌महिने औषधं चालतात, नजरही जाऊ शकते. म्हणून लेन्स घालून अंघोळ नको, पोहणं नको, आणि झोपणं तर नकोच.

हार्ड म्हणजे आरजीपी, प्राणवायू आरपार जाऊ देणाऱ्या कडक लेन्स. केराटोकोनस (बुबुळ पातळ होऊन शंकूसारखं पुढे येणं) असेल तर त्यांनी फार स्वच्छ दिसतं. पण सवय व्हायला वेळ लागतो, आणि स्कूटीवर धुळीचा कण आत गेला की डोळ्यातून घळाघळा पाणी.

*

खूप आभार. मग चष्म्याच्या कागदावरूनच डेली मागवू का?

*

नको! लेन्स बुबुळाला टेकते, म्हणून नंबर बदलतो, -५.५ चा साधारण -५.२५ होतो. सिलिंडरचा अक्ष (कोन) आणि लेन्सची गोलाईही डोळ्यावर बसवूनच ठरते. आधी ट्रायल घ्या.