कपातीची टांगती तलवार: त्या मधल्या दिवसांबद्दल लिहा

आमच्या कंपनीत कपात होणार हे जाहीर होऊन सहा आठवडे झाले. मेल सगळ्यांना एकदमच आला. ‘पुनर्रचना’, ‘काही कठीण निर्णय’, ‘टप्प्याटप्प्याने’. किती जण, कोणता विभाग, केव्हा, याबद्दल अवाक्षर नाही. मी तो इतक्यांदा वाचलाय की पाठ झालाय. आतापर्यंतच्या दोन्ही टप्प्यांत लोकांना मंगळवारीच बोलावलं, म्हणून सोमवारची रात्र डोळ्याला डोळा लागत नाही. कॅलेंडरवर विषय न लिहिलेली मीटिंग दिसली की हात गार पडतात.

नारळ मिळाल्यावर काय करावं याबद्दल पुष्कळ वाचायला मिळतं. मला विचारायचंय ते त्याच्या आधीच्या दिवसांबद्दल. नोकरी आहे, पण आहे असं म्हणवत नाही, अशा दिवसांत तुम्ही कसे राहिलात? कामात लक्ष कसं लावलंत? घरी केव्हा सांगितलंत? मी अजून सांगितलेलं नाही. सासूबाईंचं ऑपरेशन तोंडावर आलंय, नवऱ्याच्या डोक्याला आणखी ताप नको म्हणून गप्प आहे. पण आता एकटीला पेलवत नाही. तुमच्यावर ही वेळ आली असेल तर लिहा. लांबलं तरी चालेल.

---

घरी सांगितलं नाही हे वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मीही पाच आठवडे घरी बोललो नव्हतो.

रोज सकाळी लॅपटॉप उघडला की आधी कंपनीच्या डिरेक्टरीत टीममधली नावं एकेक करून शोधायचो. ज्याचं खातं बंद झालं, त्याच्या नावापुढे ‘काही आढळले नाही’ एवढंच यायचं. आम्ही सतरा जण होतो. सतरा नावं सापडली की मग काम सुरू. सगळ्यात शेवटी माझं स्वतःचं नाव टाकायचो. लॉग-इन झालोय म्हणजे नोकरी शाबूत आहे हे कळत असूनही टाकायचो.

एका संध्याकाळी मुलगी गृहपाठाची वही दाखवायला आली, त्याच वेळी फोन वाजला आणि मी तिच्यावर खेकसलो. रात्री बायकोने विचारलं, “काय लपवतोयस?” सांगून टाकलं. ती चिडली. कपातीबद्दल नाही, पाच आठवड्यांबद्दल. मग उठली, मुलीची जुनी वही आणली आणि मागच्या कोऱ्या पानावर मधोमध रेघ ओढली. जे टळणार नाही ते डावीकडे: घराचा हप्ता, फी, विमा, औषधं. बाकी सगळं उजवीकडे. मग शिल्लक आणि ठेवी. माझा पगार थांबला तर तिच्या पगारावर आणि शिलकीवर सात महिने निघत होते. मी मनात दोन धरून बसलो होतो. सात म्हणजे काही फार नाहीत, पण त्या रात्री कितीतरी दिवसांनी सलग झोपलो.

त्यानंतर तीन आठवड्यांनी नोकरी गेली. नवी मिळायला आठ महिने लागले. शेवटचा महिना भावाने निभावून नेला. ती वही अजून कपाटात आहे.

---

मी तीन वर्षांत कपातीचे चार टप्पे पाहिले आणि चारही वेळा वाचले. लोक म्हणतात, सुटलीस. पण दर वेळी आपण आधीपेक्षा थोडे खचलेले असतो, हे कुणाला दिसत नाही.

मला एका प्रयोगाने धीर दिला. 2016 साली लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातल्या संशोधकांनी 45 जणांना संगणकावर एक खेळ खेळायला दिला. दगडाखाली साप आहे की नाही ते ओळखायचं. साप निघाला तर हाताला विजेचा झटका. झटका बसणार हे नक्की माहीत असताना लोकांवर जेवढा ताण होता, त्याहून जास्त ताण शक्यता निम्मी-निम्मी असताना होता. घाम, डोळ्यांच्या बाहुल्या, सगळं मोजून पाहिलं होतं. हे वाचलं आणि मी स्वतःला दुबळी म्हणणं सोडून दिलं. ज्यांचं नाव यादीत आलं त्यांच्यापेक्षा माझी अवस्था वाईट का होती, ते मला तेव्हा उमगलं.

मग मी एका महिन्याच्या 1 तारखेला ठरवलं, नोकरी गेली. पगार येतो तो वरकड, असं धरून वागायचं. अर्ज त्याच आठवड्यापासून सुरू केले. अफवांचा ग्रुप म्यूट केला. संध्याकाळी सात वाजता एकदाच उघडायचा. पहिले चार दिवस हात वळवळले, मग सवय झाली.

---

मी दुसऱ्या बाजूची गोष्ट सांगते. मला यादी करायला सांगितली होती.

अकरा जणांची टीम, त्यातली तीन नावं द्यायची. वरून तक्ता आला: नाव, पगार, किती वर्षं, आणि एक रकाना होता ‘यांच्याशिवाय काम अडेल का’. हो किंवा नाही. कुणाशीही बोलायचं नाही असं बजावलेलं. मी ती फाइल पाच दिवस रोज उघडायची आणि मिटायची. शेवटी जे लिहिलं त्यातलं एक नाव आजही मला योग्य वाटत नाही. त्याचं काम चांगलं होतं. त्याचा प्रकल्प संपत आला होता, एवढंच.

यादी दिल्यावर आठवड्याने तोच मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, “मॅडम, घराचं बुकिंग करायचंय, टोकन भरायचंय. भरू ना?” तो हसतमुख होता, त्याने मोबाइलवर नकाशाही दाखवला, गॅलरी पूर्वेला होती. तोंड उघडलं तर माझीही नोकरी जाणार होती. मी म्हटलं, “मी तुझ्या जागी असते तर दोन महिने थांबले असते.” तो माझ्याकडे पाहत राहिला. मग “बरं मॅडम” म्हणून गेला. टोकन भरलं नाही.

तुमचा मॅनेजर सध्या नजर चुकवत असेल, तर त्याला रागावून विचारू नका, नेमका असा प्रश्न विचारा. कर्ज घेऊ का, सुट्टी पुढच्या महिन्यात टाकू का, हा कोर्स करू का. सरळ उत्तर देता येत नसलं तरी माणसाच्या तोंडून काहीतरी निघतं.

---

कामाचं थोडक्यात लिहिते. चौदा वर्षं पगार विभागात काढलीत.

नाव आलं की लॅपटॉपचा ॲक्सेस बऱ्याचदा तासाभरात जातो. पगाराच्या स्लिपा, नेमणुकीचं आणि बढतीची पत्रं, सहकाऱ्यांचे खासगी नंबर आजच स्वतःकडे घ्या. कंपनीच्या फाइली, कोड, ग्राहकांची माहिती मात्र चुकूनही स्वतःच्या मेलवर पाठवू नका. त्यावरून भरपाई अडलेली मी पाहिली आहे. मीटिंगमध्ये राजीनाम्याचा कागद पुढे केला तर तिथल्या तिथे सही करू नका, वाचायला वेळ मागा. काढून टाकणं वेगळं आणि राजीनामा वेगळा, हक्क बदलतात.

आणि ताई, सासूबाईंचं ऑपरेशन तुमच्या कंपनीच्या विम्यावर आहे का? गट विमा बऱ्याच ठिकाणी शेवटच्या दिवसापर्यंतच असतो. हे आधी बघा, बाकी सगळं नंतर.

---

माझा अनुभव मुलाच्या बाजूचा. आईच्या कंपनीत कपात चालू होती तेव्हा मी नववीत होतो. फोन आला की ती दुसऱ्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायची. बाबा आणि ती हळू आवाजात बोलायचे आणि मी आलो की थांबायचे. मला वाटलं, दोघं वेगळे होणार. धाकट्या बहिणीला घेऊन कुणाकडे राहायचं, याचा मी मनात निर्णयसुद्धा केला होता. आईची नोकरी गेल्याचं कळलं तेव्हा मी हसलो, आणि तिला ते फार लागलं. का हसलो ते मी तिला पुढे दहा वर्षांनी सांगितलं. मुलांना सांगा. पुरतं नाही तरी कशाबद्दल चाललंय एवढं तरी.

---

वर अर्जांबद्दल आलं म्हणून. मी दोनशेच्या वर अर्ज केले, उत्तरं आली चार. काम मिळालं ते नऊ वर्षांपूर्वीच्या एका सहकाऱ्यामुळे. आमची कधी दाट मैत्रीही नव्हती. नुसता संदेश पाठवला, “आमच्याकडे कपात आहे, कुठे जागा असेल तर कळव.” तो लिहायला मला तीन आठवडे लागले, लाज वाटत होती.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 साली हेच दाखवलं होतं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्यांनी विचारलं, सांगणारा माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? वरचेवर भेटणारे जेमतेम 17 टक्के निघाले. बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. जवळच्यांना आपल्याएवढंच माहीत असतं, दूरच्यांना दुसरीकडची खबर असते. तेव्हा नोकरी हातात आहे तोवरच असे वीस-पंचवीस जुने लोक आठवा आणि रोज दोघांना लिहा. उत्तर आलं नाही तर पुन्हा दोन आठवड्यांनी.

---

मी धागा काढणारी. विम्याचं वाचलं आणि ताडकन उठलेच. ऑपरेशन माझ्याच गट विम्यावर होतं, आणि तो शेवटच्या दिवशी संपतो असं कागदात स्पष्ट लिहिलंय. मी कधी वाचलंच नव्हतं. नवऱ्याला रात्रीच उठवून सांगितलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, “सकाळी नऊला हॉस्पिटलला फोन करतो.” तारीख बारा दिवस अलीकडे मिळाली, येत्या शुक्रवारी ऑपरेशन आहे. वहीचं पानही केलं. पाच महिने निघाले. सासूबाईंना कळलंय, त्यांनी स्वतःची ठेव मोडायची गोष्ट काढली, तिला आम्ही तूर्त नाही म्हटलंय.

आज सोमवार आहे. उद्या अकराची एक मीटिंग आली आहे, विषय लिहिलेला नाही. काय होतं ते येऊन लिहीन.