अनुभव धागा: ख्रिस्ती घरातले नीतीचे पेच – तुम्ही प्रत्यक्षात काय केलंत?

पिंपरीकर (धागाकर्ता)

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. नोकरी पिंपरीच्या कारखान्यात, चर्च सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, प्रोटेस्टंट). रविवारी उपदेश ऐकताना सगळं सरळ वाटतं आणि सोमवारी पहिल्या पाळीलाच गुंता होतो, म्हणून हा धागा. ख्रिस्ती घरात वाढलेल्यांनी (आता चर्चला जात असा वा नसा) एखादा असा प्रसंग लिहा, जिथे शिकवण एकीकडे ओढत होती आणि माणसं दुसरीकडे. काय करायला हवं होतं ते नको, काय केलंत ते लिहा. धर्मांतर बरोबर की चूक, कॅथलिक मोठे की प्रोटेस्टंट, ही भांडणं कृपया इथे नकोत.

सुरुवात माझ्यापासून. खंडेनवमीला आमच्या शॉपमध्ये मशीनची पूजा होते. लेथला हार, चकवर कुंकू, नारळ, मग पेढे. आजीची शिकवण होती, नैवेद्याचं खायचं नाही. पहिल्या वर्षी मी पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. संध्याकाळपर्यंत पँटला तुपाचा डाग. पाळकसाहेबांकडे गेलो. त्यांनी बायबलमधलं करिंथकरांस पहिलं पत्र काढलं, आठवा अध्याय. पौल म्हणतो, मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा खाल्ल्यानं आपलं काही बिघडत नाही. पण तुझ्या खाण्यानं एखादा दुर्बळ भाऊ अडखळत असेल तर खाऊ नको. मी म्हटलं, साहेब, इथं उलटं आहे, मी न खाल्ल्यानं भाऊ अडखळतोय. माझ्या मशीनवरचा जोडीदार सोळा वर्षं नाताळला घरी येऊन करंज्या आणि केक खातोय. पाळकसाहेब हसले, उत्तर दिलं नाही.

आता मी पेढा तिथंच खातो. आरतीला मागे उभा राहतो, टाळ्या वाजवत नाही. कुंकू लावू देत नाही. ही रेघ कशावरून ओढली म्हणाल तर सांगता येणार नाही.

कोरा रकाना

माझ्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'हिंदू महार' लिहिलंय. बाप्तिस्मा तीन महिन्यांचा असताना झाला, त्याचाही दाखला आहे. दोन्ही कागद घरातल्या एकाच पत्र्याच्या पेटीत.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ साली त्यात शीख आले, १९९० साली बौद्ध. ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. पण गावात आमच्या आजोबांचा पाणवठा बाप्तिस्म्याआधी जो होता तोच नंतरही राहिला.

शाळेत नाव घालताना गुरुजींनी विचारलं, "धर्म?" वडील म्हणाले, "तुम्हीच लिहा गुरुजी." त्या तीन शब्दांवर मी वसतिगृहात राहिलो, शिष्यवृत्ती घेतली, डिप्लोमा केला. रविवारी वसतिगृहातून बाहेर पडताना पवित्र शास्त्र शर्टाच्या आत असायचं.

अडलो ते नोकरीच्या अर्जापाशी. 'वरील माहिती खरी आहे' याच्या खाली सही करायची होती. शाळेत घातलं तेव्हा मी सहा वर्षांचा होतो, आता तेवीस. धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, फसवलं कुणी कुणाला? जात त्यांनी ठेवली, सवलत तेवढी काढून घेतली." त्याचं म्हणणं मला आजही खोडता येत नाही. तरी मी धर्म 'ख्रिस्ती' लिहिला आणि जातीचा रकाना कोरा सोडला. नोकरी लागायला पुढं चार वर्षं गेली. भाऊ दाखल्यावर सरकारी खात्यात लागला.

तो चर्चला येतो, पण शेवटच्या बाकावर. नाताळच्या ग्रुपफोटोत नसतो. आई प्रभूमध्ये निजली तेव्हा त्याच्या ऑफिसची माणसं आली होती. कबरस्तानात मूठमाती द्यायला मी हाक मारली, तो फाटकाजवळून हलला नाही. सगळे गेल्यावर अंधार पडताना एकटा आत गेला.

लोक मला प्रामाणिक म्हणतात. पण ज्या डिप्लोमावर मी प्रामाणिक झालो तो त्याच दाखल्याचा.

होय तर होय

कोरा रकाना, तुम्ही केलंत ते बरोबर, भावानं केलं ते चूक. अन्याय झाला म्हणून खोटी सही खरी होत नाही. येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात 'होय तर होय, नाही तर नाही' एवढंच आहे. आणि पिंपरीकर, आठव्या अध्यायावर थांबू नका, दहावाही वाचा. हे नैवेद्याचं आहे असं कुणी सांगितलं, तर सांगणाऱ्यासाठी ते खाऊ नका, असं तिथं चक्क लिहिलंय. तुमच्या शॉपमध्ये तर नारळ तुमच्यासमोर फुटतो.

आता माझं. वय ७४, निवृत्त शिक्षक, सोलापूर. हिला कर्करोग निघाला तेव्हा डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन तीन-चार महिने म्हणून सांगितलं. आत गेलो तर हिनं विचारलं, "काय म्हणाले?" मी म्हटलं, "अल्सर आहे, गोळ्यांनी जाईल." खोटं बोलल्याबद्दल पोरांना बाकावर उभं करण्यात उभी नोकरी गेलेला माणूस मी. ती थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "बरं. नातीचं दप्तर मात्र जूनपर्यंत थांबू नका, आत्ताच आणून ठेवा."

त्या खोट्याची क्षमा मी प्रार्थनेत मागत नाही. वर पिंपरीकरांना लिहिलंय तेही मागं घेत नाही.

रात्रपाळी

मुंबईत ३४ वर्षं नर्स होते, १९७८ साली लागले. गर्भपाताचा १९७१चा कायदा तोवर चांगला रुळलेला. आम्ही वसईकडचे कॅथलिक, घरी रोज रोझरी. स्त्रीरोग विभागात पोस्टिंग झाली तेव्हा मेट्रनला स्पष्ट सांगितलं, त्या केसेसना मला थिएटरमध्ये उभं करू नका. बाई समजूतदार होत्या, ड्युटी बदलून दिली.

माझ्या जागी जी उभी राहायची ती माझीच मैत्रीण, साताऱ्याकडची. एका रात्री किडनी ट्रे धुताना माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझं पाप माझ्या खात्यावर का गं? माझा देव काय उधारीवर चालतो?" मला वाटत आलं होतं की मी स्वच्छ आहे. कुमसारात (पापांची कबुली देताना) फादरांना सांगितलं. ते म्हणाले, "तू हात लावला नाहीस ना? मग झालं." मला मात्र झाल्यासारखं वाटेना.

थिएटरमध्ये मी पुढेही गेले नाही, ते माझ्याच्यानं झालंच नसतं. पण नंतरची सगळी देखभाल मागून घेतली. रक्तस्राव बघणं, पॅड बदलणं, उलटी धरणं. सतराएक वर्षांची एक पोरगी रात्रभर माझं मनगट सोडेना. तिला काय झालं, कुणी केलं, विचारलं नाही. सकाळी चहात बिस्किट बुडवून भरवलं. मैत्रिणीच्या दिवाळीच्या रात्रपाळ्या मी निवृत्त होईपर्यंत केल्या. हिशेब फिटला असं ती कधी म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

खजिनदार

लाच द्यायची नाही, असा आमच्या मंडळीत दरवर्षी एक तरी उपदेश होतो. चर्चच्या कंपाउंड भिंतीची परवानगी अकरा महिने अडकली होती. वडील मंडळींची (चर्चचा कारभार बघणाऱ्या ज्येष्ठांची) बैठक झाली, प्रार्थना झाली, मग एक वडील म्हणाले, "आता ते काय ते बघून टाका." वहीत मी 'प्रवासखर्च' लिहिलं. भिंत उभी आहे. तिच्यावर 'सत्य तुम्हाला बंधमुक्त करील' हे वचन रंगवायचं ठरलं तेव्हा मी दुसरं सुचवलं. कारण कुणी विचारलं नाही, सगळ्यांना माहीत होतं.

वाडीवाली

वसई. बाबांनी मृत्युपत्र केलं नव्हतं. आम्हा ख्रिस्ती लोकांना १९२५चा भारतीय वारसा कायदा लागतो. आईला एक तृतीयांश, उरलेल्यात मुलगा-मुलगी सारखे. आम्ही तीन बहिणी, एक भाऊ. कायदा इतका साफ आहे, पण आमच्याकडे हक्क मागणारी बहीण म्हणजे माहेर तोडणारी. लग्नात सोनं दिलं, मग आता सही करायची. भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला तेव्हा सोबत सुकेळ्यांचा पुडा होता, आमच्याच राजेळी केळ्यांची, आईनं वाळवलेली. वकिलाकडून कागद आणि आईकडून केळी. मला हसूही आलं आणि रागही.

दोघी बहिणींनी सही केली. मी फक्त विचारलं, वाडीचं करणार काय? तो गप्प. बिल्डरशी बोलणं झालेलं होतं.

आता हे समजून घ्या. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंच्या मागे याच भावाला खांद्यावर घेऊन बाबा मोर्चाला गेले होते. टँकरनं विहिरी उपसणाऱ्यांविरुद्ध घोषणा दिल्या होत्या. आमच्या घरी जमीन विकणं हे चोरीइतकंच वाईट मानलं जायचं. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली पर्यावरणावर विश्वपत्र काढलं, त्यावर देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) प्रवचनं झाली. आमच्याकडे त्याच्या आधीपासून हीच शिकवण होती.

मी सही केली नाही. भाऊ म्हणतो, हिला पैसा हवा. पैसा नको म्हणून सांगितलं तर म्हणतो, मग सही कर. माझ्या हिश्श्याच्या केळी आणि नागवेलीला खत, मजुरी, पंपाचं बिल मी घालते, वर्षाला तोटाच. त्याच्या मुलीचं परदेशातलं शिक्षण माझ्या हट्टापायी अडलंय, हेही खरं आहे. ती माझी धर्मकन्या, बाप्तिस्म्याला मीच तिला हातात धरलं होतं. गेल्या नाताळला तिनं मला फोन केला नाही.

दुसरी ओळ

१९९४. नवरा मारायचा, दाराला आतून कडी लावून. पाळकांकडे गेले तर त्यांनी बायबलमधलं मलाखीचं वचन वाचलं, देवाला सूटपत्राचा (घटस्फोटाचा) तिटकारा आहे. वकिलाकडे गेले तर तो म्हणाला, तुमचा कायदा १८६९चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोनं व्यभिचार दाखवायचा आणि त्याच्या जोडीला क्रूरता नाहीतर टाकून देणंही सिद्ध करायचं. नुसत्या मारानं सुटका नाही. म्हणजे देवाघरी नाही आणि कोर्टातही नाही.

मावशीकडे राहून मी ते वचन स्वतः काढून वाचलं. मलाखी, दुसरा अध्याय, सोळावी ओवी. पाळकांनी अर्धीच वाचली होती. पुढच्या अर्ध्यात, जुलमानं आपलं वस्त्र झाकणाऱ्याचाही देवाला तिटकारा आहे, असं लिहिलंय. मी ते पेन्सिलीनं अधोरेखित करून पाळकांना दाखवायला गेले. ते म्हणाले, "ताई, संदर्भ बघावा लागतो."

१९९७ साली मुंबई उच्च न्यायालयानं तो भेदभाव रद्द ठरवला, २००१ साली संसदेनं कायदाच बदलला. माझा निकाल मधल्या काळात लागला. दुसरं लग्न केलं नाही. कुणी मनाई केली म्हणून नव्हे, इच्छा नव्हती. चर्च बदललं, शास्त्र तेच आहे, पेन्सिलीच्या खुणेसकट.

एक आई

थोडक्यात लिहिते, मुलगा वाचेल कदाचित. त्यानं आम्हाला सांगितलं, त्याला मुली आवडत नाहीत. त्याचे वडील चर्चमध्ये वडील मंडळींत. त्यांनी पद सोडलं, कारण सांगितलं नाही. बाकी घरात काही बदललेलं नाही. त्याचा मित्र आला की मी दोघांची ताटं वाढते आणि जेवणाआधीची प्रार्थना मोठ्यानं म्हणते. हे बरोबर का, ते मला इथं कुणी सांगू नका.

जूनचा मेल

आम्ही ठाण्यात, दोघंही कॅथलिक. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. आयव्हीएफ चर्चला मान्य नाही, हे माहीत होतं. १९८७ सालापासून व्हॅटिकनची लेखी भूमिका आहे. मूल नवराबायकोच्या मीलनातून व्हावं, प्रयोगशाळेत नव्हे, आणि भ्रूण पहिल्या क्षणापासून माणूस. हे पटत नव्हतं असंही नाही. पण २०१९ साली केलं. सासूबाई मेथडिस्ट घरातून आलेल्या, त्यांना यात पाप कुठे तेच कळेना. म्हणाल्या, "देवानं डॉक्टर कशाला दिलेत?"

पाच भ्रूण झाले. एक टिकलं नाही, एक म्हणजे आमची लेक, आता शाळेत जाते. तीन गोठवलेले आहेत. लेकीच्या बाप्तिस्म्याला फादरांनी काही विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. पेच तिथं नव्हताच. आता माझं वय ४३, दुसरं बाळंतपण नको असं डॉक्टर सांगतात. दरवर्षी जूनमध्ये क्लिनिकचा मेल येतो, त्यात दोन पर्याय. साठवण चालू ठेवायची तर फी भरा, नाहीतर नष्ट करण्याच्या संमतीवर सही करा. २०२१च्या कायद्यानं साठवणीला दहा वर्षांची मर्यादा घातलीय. म्हणजे २०२९.

शेवटी एका फादरांना सगळं सांगितलं. त्यांनी उपदेश केला नाही. व्हॅटिकनच्या २००८च्या निर्देशातलं एक वाक्य दाखवलं. सोडून दिलेल्या हजारो भ्रूणांची ही स्थिती असा अन्याय आहे की त्यावर खरोखर तोडगा नाही, अशा अर्थाचं. म्हणाले, "मलाही यापुढं काही ठाऊक नाही. मिस्साला (चर्चमधल्या उपासनेत) नावं न घेता त्यांची आठवण करत जाईन."

नवरा म्हणतो, सही करून टाकू, किती वर्षं फ्रीजरचं भाडं भरणार. तो वाईट नाही, त्याला रात्री झोप लागते इतकंच. लेक परवा विचारत होती, मला भाऊ का नाही. मी तिला पोळीचा लाडू करून दिला.

यंदाचाही मेल आलाय. १२ तारखेला मी फी भरली.