बंबात पाईप गुंडाळून का ठेवतात? अमेरिकेत तर घड्या घालून ठेवलेले असतात

पेठेतला_पाहुणा

एप्रिलमधे अग्निशमन सप्ताह असतो तेव्हा पोराला घेऊन जवळच्या फायर स्टेशनला गेलो होतो. बंबाची सगळी शटरं वर केलेली आणि आत पाईपची भेंडोळी उभी लावून ठेवलेली. पोराने घरी आल्याआल्या यूट्यूबवर अमेरिकन बंब काढला, त्याला मागे वरून उघडा कप्पा आणि त्यात शेकडो फूट पाईप घड्या घालून, आधीच एकमेकांना जोडून ठेवलेला. आता मला सांगा, आपल्याकडे गुंडाळी का? आग लागल्यावर आधी उलगडा मग जोडा, यात वेळ जात नाही का? की साहेब गेला, पद्धत राहिली असला प्रकार आहे? आणि टपावर ते काळे जाडजूड कडक पाईप असतात ते कशाला? कृपया "गूगल कर" म्हणू नका, केलंय.

निवृत्त_बंबवाला

पद्धत साहेबाचीच आहे, कपलिंगसकट (कपलिंग म्हणजे पाईपच्या टोकाचं जोडायचं तोंड). पण ती टिकली आपल्या गल्ल्यांमुळे. भुलेश्वर म्हणा, पुण्यातल्या पेठा म्हणा, बंब कोपऱ्यावर उभा राहतो आणि पुढचं सगळं पायी. अशा वेळी गुंडाळी बरी पडते, एकेक फायरमन काखेत मारून पळतो, जिन्याने वर जातो, लागतील तेवढ्याच उघडायच्या.

आमच्याकडे डिलिव्हरी होज, म्हणजे पंपाकडून आगीकडे पाणी नेणारा पाईप, 63 मिमीचा, लांबी 15 मीटर, काही 30 मीटरचे. गुंडाळायची खरी पद्धत म्हणजे डच रोल. होज मधोमध दुमडायचा, वरचं टोक खालच्यापेक्षा हातभर मागे ठेवायचं आणि दुमडीकडून गुंडाळत टोकांकडे यायचं, म्हणजे दोन्ही कपलिंग बाहेर येतात. आगीवर गेलं की दोन्ही टोकं धरून गुंडाळी जोरात पुढे सोडायची, ती घरंगळत स्वतःच उलगडते, तीही निम्म्याच जागेत, म्हणजे चाळीच्या गॅलरीतही काम होतं. साध्या गुंडाळीत एक टोक पोटात जातं, ती रॅकवर ठेवायला ठीक, पण घाईत आडवी ओढली की होजला पिळे पडतात आणि पिळ्यात पाणी अडतं, मग पुढचा ओरडतोय पाणी पाणी आणि पंपवाला म्हणतोय दिलंय की.

जोडायला वेळ जातो हे डोक्यातून काढा. नर टोक मादीत दाबलं की खट्, स्प्रिंगच्या दोन खुंट्या आपोआप बसतात, फिरवायचं काहीच नाही. सोडवताना त्याच खुंट्या बाहेर ओढायच्या. आत रबरी वॉशर असतो, तो गेला असला की फवारा आगीवर कमी आणि आपल्याच चड्डीवर जास्त.

आणि हे सगळं होज सुका असताना उरकायचं. 63 मिमीच्या 15 मीटर होजमधे साधारण 47 लिटर पाणी मावतं, म्हणजे एकदा भरला की नुसतं पाणीच 47 किलो, वर दाब. भरलेला होज जिन्याच्या वळणावरून ओढून बघा एकदा, पुढचे दोन दिवस खांदा बोलतो.

टपावरचे काळे ते सक्शन. विहीर, तळं, नदीतून पाणी खेचायचं असतं तेव्हा आत निर्वात होतो, साधा होज लगेच चपटा होईल, म्हणून आत तारेची स्प्रिंग असते आणि म्हणूनच तो गुंडाळता येत नाही. टोकाला जाळी लावतात, नाहीतर पंपात पालापाचोळा. 10 मीटर खोलीवरून पाणी येतं हे गणितातलं, प्रत्यक्षात सातेक मीटर खोलीच्या पुढे पाणी उचलत नाही. गावाकडच्या उन्हाळ्यातल्या विहिरी बघितल्या की कळतं किती उपयोग होतो ते.

शिवाय प्रत्येक बंबाला एक होज रील असतं, रबरी बारीक पाईप चाकावर कायम गुंडाळलेला. रबर चपटं होत नाही त्यामुळे हवा तेवढाच ओढा, बाकी चाकावर असतानाच पाणी येतं. पेटलेली रिक्षा, कचरा, मीटरबॉक्स विझल्यावरचा धूर, असली रोजची कामं त्यावरच उरकतात. लोकांना मोठा होज दिसतो पण राबतं ते रील.

जर्सीतला_देशी

इथे न्यू जर्सीत बऱ्याच टाऊनमधे फायर कंपनी व्हॉलंटिअर असते, आमचीही तशीच, मी पण त्यात आहे, म्हणून दुसरी बाजू सांगतो.

इथे रस्त्यावर ठरावीक अंतराने हायड्रंट, म्हणजे बंबासाठीचा पाण्याचा नळ, असतो आणि तो चालतो हे गृहीत धरूनच गाडी बनवलीय. हायड्रंटपाशी एक माणूस उतरतो, होजचं टोक त्याला अडकवतो आणि गाडी आगीकडे निघून जाते, मागच्या बेडमधला (तो उघडा कप्पा) होज आपोआप रस्त्यावर पडत जातो. हे करायचं तर तो आधीच जोडलेला आणि न अडकता सुटेल असाच भरलेला हवा. गुंडाळ्या टाकत गेलो तर हायड्रंट ते आग एवढं अंतर कधी होणार. अमेरिकन मानकाप्रमाणे पंपर गाडीवर असला मोठा सप्लाय होज निदान 800 फूट लागतो, आग विझवायचा बारीक होज वेगळा.

भरायच्या तीन-चार तऱ्हा आहेत. एक सपाट, थरावर थर. दुसरी होज कडेवर उभा करून पुढेमागे, अगदी नऊवारीच्या निऱ्यांसारखी, तिचं कौतुक असं की ओंजळीत धरून खांद्यावर टाकता येते. पण 5 इंची होज असला की सपाटच. त्याच्या 100 फुटात पावणेचारशे लिटरच्या वर पाणी बसतं, भरल्यावर कोणी हलवायच्या भानगडीत पडत नाही.

भरताना एक बारकावा असतो. कपलिंग अशा जागी आलं की बाहेर येताना त्याला बेडमधेच गिरकी घ्यावी लागेल, तर ते अडकतं. मग तिथे मुद्दाम एक आखूड घडी जास्त घालतात, डचमन म्हणतात तिला. (तुमचा डच रोल, आमचा डचमन, डच लोक सगळीकडे.) आणि दर वेळी घडीच्या जागा बदलायच्या, एकाच ठिकाणी दुमडून दुमडून होज तिथेच फुटतो.

आग विझवायला पंपाच्या वर आडव्या कप्प्यात पावणेदोन इंची होज नोझल लावूनच ठेवलेला असतो, 150-200 फूट. खेचला की पळा. समोर अंगण असलेल्या दुमजली घराला हे एकदम फिट, गिरगावातल्या चाळीला नाही.

एक तोटा पण आहे, चालत्या गाडीतून होज घसरून पडल्याचे आणि त्यात माणसं दगावल्याचे प्रकार झालेत, म्हणून आता बेडवर जाळी किंवा कव्हर बांधायलाच लागतं.

आणि गंमत म्हणजे इथे मादी टोक पंपाकडे आणि नर आगीकडे, भारतात नेमकं उलट. सुट्टीत पुण्यात एका ओळखीच्या स्टेशनवर होज हातात घेतला तर मी सवयीने चुकीचंच टोक घेऊन पळालो असतो.

इतिहासाचा_कीडा

कपलिंगवरून आठवलं. फेब्रुवारी 1904 ला बाल्टिमोरला मोठी आग लागली, वॉशिंग्टनहून मदतीला बंब आले पण त्यांच्या होजचे आटे तिथल्या हायड्रंटला बसेनात. दीड हजारावर इमारती गेल्या. मग एकच आटा ठरवला, तरी कित्येक शहरं पुढे वर्षानुवर्षं आपलंच घोडं पुढे दामटत राहिली. त्या मानाने आपण साहेबाचं खट् कपलिंग देशभर घेतलं ते बरंच झालं.

आणि डच लोकांचा हात खरंच आहे. होज ही चीज मुळात 1670 च्या दशकात आम्स्टरडॅममधे यान व्हान डर हेयडन या चित्रकाराने आणली, कातड्याची, 50 फुटांचे तुकडे जोडून. 50 फूट म्हणजे 15 मीटर, वरचा आकडा बघा.

पेठेतला_पाहुणा

भारी माहिती. म्हणजे आपल्याकडे हायड्रंटचा भरवसा नाही म्हणून गुंडाळी, असंच ना?

निवृत्त_बंबवाला

निम्मं तसं. आपला बंब पाणी बरोबर घेऊन येतो. साडेचार हजार लिटरची टाकी आणि मिनिटाला 2250 लिटर फेकणारा पंप धरा, पूर्ण सोडला तर दोन मिनिटांत टाकी कोरडी. म्हणून मागून टँकर आणि टँकर ते बंब जोडायला एक-दोन गुंडाळ्या पुरतात, त्यासाठी 800 फूट बेड भरून कोण फिरवणार.

बी_विंग_सेक्रेटरी

मधेच घुसतो. आमच्या प्रत्येक मजल्यावर डक्टमधे लाल पेटीत होज आहे. जानेवारी आणि जुलैत एजन्सीवाला फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) देतो, पैसे घेतो, पेटी उघडलेली मी तरी पाहिलेली नाही. वरचं वाचून आज मीच उघडली तर होजचं मादी टोक व्हॉल्व्हच्या बाजूला आहे. व्हॉल्व्हलाही मादीच आहे. हे लागणार कसं?

निवृत्त_बंबवाला

नाही लागणार. व्हॉल्व्हला नर टोक लागतं, मादी टोकाला ब्रांच, म्हणजे पाणी फेकायची नळी. एजन्सीची वाट बघू नका, सगळे होज बाहेर काढून टोकं फिरवून ठेवा, घड्याही वेगळ्या जागी घाला, वॉशर कडक झालाय का ते बोटाने दाबून बघा. आणि पेटीत ब्रांच आहे का ते आधी मोजा, गनमेटलची (तांब्याच्या मिश्रधातूची) असेल तर निम्म्या मजल्यांवरची भंगारवाल्याकडे पोचलेली असते.

बी_विंग_सेक्रेटरी

अकरापैकी चार आहेत.